डाळीचं मटण, डाळीचे बर्गर

माय,

तुला ‘आई’ म्हणायची सवय मला या कॉलनीत राहायला आल्यावर लागली. चार लोकांत तुझा विषय निघाला की तोंडून ‘आमच्या आई’ असंच निघतं, आणि ते इतकी वर्षं निघत आलं आहे की वर ‘माय’ लिहिताना पेन क्षणभर थबकलं. तू गेलीस तेव्हा माझं लग्न नुकतं झालं होतं. वसमतचं हे घर तू पाहिलं नाहीस, तुझी नातही पाहिली नाहीस. ती आता पुण्याला पुढच्या शिक्षणासाठी निघाली आहे. जे सांगायचं आहे ते एका बर्गरवरून घडलं, आणि बर्गर म्हणजे काय हे तुला कुणी सांगितलेलं नसणार, म्हणून आधी ते सांगतो. गोल फुगीर पाव मधोमध कापायचा, तव्यावर भाजायचा, आत एक जाड टिक्की ठेवायची, वर कांद्याची आणि टोमॅटोची चकती, थोडी चटणी, आणि दोन्ही हातांनी धरून खायचा. मुळात ती टिक्की खिम्याची असते. आपल्याकडे दुकानात मिळते ती बटाट्याची.

तुझ्या नातीने एकदा असे बर्गर गावातून आणले. डब्यात गार झालेले, आत बटाटा आणि बटाट्याभोवती पुन्हा पाव. किंमत ऐकून मी नेहमीप्रमाणे म्हणालो की एवढ्यात घरी अख्ख्या गल्लीचं पोट भरेल. ती म्हणाली, ‘‘मग भरा ना, पप्पा. बोलता तर दर वेळी.’’ तुझी सून तेव्हा तिच्या आईच्या आजारपणामुळे नांदेडला गेली ती अजून तिकडेच आहे; स्वयंपाकघर आम्हा दोघांच्याच ताब्यात होतं. मी हिशेबाच्या कामात आयुष्य काढलेला माणूस. एखादी गोष्ट करायची तर ती नीट जुळेपर्यंत सोडत नाही, हे तू जाणतेस. आपल्या भागात आता जिकडे तिकडे सोयाबीन आहे, म्हणून टिक्की सोयाबीनच्या वड्यांची करायचं ठरवलं. पहिल्या रविवारी सगळ्या टिक्क्या तव्यावर फुटल्या. ‘‘पप्पा, हा बर्गर नाही, उपमा आहे,’’ पोरगी म्हणाली आणि चमचा घेऊन खायला बसली. चूक माझ्या लक्षात आली होती: भिजवलेल्या वड्यांत पाणी राहिलं होतं. पुढच्या वेळी त्या फडक्यात घट्ट पिळल्या, हरभऱ्याची डाळ भिजवून जाडसर वाटली, बांधणीसाठी ज्वारीचं पीठ कोरडं भाजून घातलं आणि गोळा तासभर झाकून ठेवला. टिक्क्या अखंड उतरल्या. पण चव अशी की खाणारा सौजन्याने संपवेल आणि पुन्हा मागणार नाही.

मग मी तुझा मसाला केला. कांदा सालासकट जाळावर धरला. खोबऱ्याची वाटी काळी होईपर्यंत भाजली. लसूण, धणे, आणि जे तू कधी विसरायची नाहीस ते दगडफूल. तुझ्याकडे चूल होती, माझ्याकडे गॅस आहे, तरी वास तोच आला. आणि तो येताच माझा हात उठला आणि त्याने खिडकी लावून घेतली. नंतर मी मागचं दार लावलं. भिंतीतला पंखाही बंद केला, कारण तो आतला वास बाहेर फेकतो. धूर कोंडला. तुझी नात खोकत खोकत म्हणाली, ‘‘पप्पा, आपण काही चोरी करून राहिलो का?’’ मी म्हणालो, ‘‘पाखरं आत येतात.’’

हे तिला नवं नव्हतं. या घरात मटण येतं तेही असंच येतं. जवळच्या दुकानातून नाही, गावाच्या दुसऱ्या टोकाहून; काळ्या पिशवीत, आणि ती काळी पिशवी माझ्या ऑफिसच्या बॅगेत. शिजतं ते खिडक्या लावून. हाडं त्याच दिवशी बाहेर जातात. आम्ही याबद्दल घरात कधी बोललो नाही; पावसाळ्यात छत्री घेऊन निघावं तितक्या सहजपणे ते चालत आलं आहे. कुणी मनाई केलेली नाही. मी जागा घ्यायला आलो तेव्हा एकाने फक्त एवढं म्हटलं होतं की ‘इथं सगळी चांगली वस्ती आहे’, आणि बाकीचा नियम मी स्वतःच लिहून स्वतःला लागू केला.

तुझं दार मला आठवतं. कळमनुरीच्या आपल्या वस्तीत रविवारी बोकड पडायचा आणि ज्याला जमेल तो वाटा घ्यायचा. ज्या रविवारी आपला वाटा नसायचा, त्या रविवारी तू गिरणीतून आणलेली डाळीची चुरी भिजवायचीस, पाट्यावर जाडसर वाटून वाफवायचीस, गार झाल्यावर तिचे वेडेवाकडे तुकडे पाडायचीस. सुरीने नाही, हाताने. सुरीने कापलं तर वडी दिसते, असं म्हणायचीस. मग ते तुकडे थेट मटणाच्या मसाल्यात सोडायचीस आणि उठून दार सताड उघडायचीस. वास गल्लीत जातो. समोरची मावशी उंबऱ्यावर येऊन उभी राहते, पदराने नाक पुसत.

‘‘काय वं, वाटा तं घेतला न्हाई तुमी. मंग वास कशाचा येऊन राहिला?’’

‘‘वास आला न्हवं? मंग झालं. आण वाटी, रस्सा देते.’’

‘‘खरं सांग, मटण हाय का डाळ?’’

‘‘तुझ्या घरी मागल्या रविवारी व्हतं, तेच हाय.’’

आणि तुम्ही दोघी इतक्या हसता की मावशी भिंतीला धरते. त्या गल्लीत एखाद्या रविवारी किती घरांत खरं मटण होतं आणि किती घरांत तुमचं हे डाळीचं, याचा ताळेबंद कुणालाच लागला नसता. मला तेव्हा वाटायचं तू लोकांना फसवतेस. तुम्ही कुणीच फसत नव्हता, हे कळायला मला बराच वेळ लागला.

मी हिंगोलीला बी.कॉम.ला होतो तेव्हाची एक दुपार आहे. माझ्या वर्गातला एक मुलगा परीक्षेचं काही विचारायला सायकलवर आपल्याकडे येत होता. तो वळणावर दिसला आणि मी धावत येऊन दार लोटलं. तू चुलीसमोर होतीस. मजुरीने हळद निवडून निवडून पिवळी झालेली तुझी बोटं मसाल्याने काळी झाली होती. तू मान न वळवता विचारलंस, ‘‘दार काहून लावलं रे?’’

‘‘धूर होतोय.’’

‘‘दार लावल्यानं धूर जातो व्हय? कोणत्या कॉलेजात शिकून राहिला तू?’’

तू उठलीस. ‘‘तो पोरगा काय म्हनंल म्हून लावलं न्हवं? म्हनू दे. आपण कोणाचं चोरून खाऊन राहिलो का?’’ दार उघडून तू त्याला हाक मारलीस, बसवलंस, भाकरी कुस्करून वर रस्सा ओतलास. त्याने दोनदा मागून घेतलं. निघताना तो मनापासून म्हणाला, ‘‘काकू, मटण लई मऊ होतं.’’ तू पदर तोंडात धरून मागे वळलीस, आणि तो गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणालीस, ‘‘पाह्य, याच्यासाठी दार लावत व्हता.’’ तो आवाज रागाचा नव्हता. राग असता तर मी विसरलो असतो.

आता श्रावणातल्या त्या रविवारी काय झालं ते. टिक्क्या जमल्या होत्या, म्हणून तुझ्या नातीने कॉलनीतल्या दोन मैत्रिणींना बोलावलं, आणि शेजारच्या वहिनींनाही. या वहिनी म्हणजे भल्या बाई. माझ्या मधुमेहाची काळजी माझ्यापेक्षा त्यांना जास्त. सकाळी मी बन आणायला गेलो तर बेकरीवाले चाचा म्हणाले, ‘‘क्या साब, इतने बन? घर में होटल खोल रहे क्या?’’ मी म्हणालो, मुलगी पुण्याला चालली आहे. त्यांनी दोन बन वरून घातले आणि पैसे घेतले नाहीत. एकूण दिवस चांगला चालला होता. बन भाजले, मेयोनीज नावाच्या महागड्या प्रकाराऐवजी दह्याचा चक्का लावला, खाली कांद्याची जाड चकती, वर टिक्की. मुलींनी पहिले बर्गर बोलत बोलत संपवले, त्यावरून मला निकाल कळला.

वहिनींनी एक घास घेतला आणि त्या थांबल्या. वास घेतला. मग अगदी संकोचाने, आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘‘भाऊजी, राग मानू नका हं. चव लई भारी हाय. पण यात तसलं काही न्हाई ना? उद्या सोमवार, मला औंढ्याला नागनाथाला जायचंय.’’

मी म्हणालो, ‘‘नाही हो वहिनी. डाळ आहे, सोयाबीन आहे.’’

‘‘मंग काही हरकत न्हाई,’’ असं म्हणून त्यांनी दुसरा घास घेतलाही. इथे थांब, माय, कारण माझा सगळा गुन्हा या जागेनंतरचा आहे. त्यांनी विचारलं ते विचारण्यासारखंच होतं. मी उत्तर दिलं ते खरं होतं आणि पुरेसं होतं. त्यांनी ते मानलं होतं. त्या खात होत्या. त्या क्षणी माझ्याकडून कुणालाही काहीही येणं नव्हतं. तरीही मी पुढे बोललो. मी म्हणालो, ‘‘आमच्या घरात तसलं शिजतच नाही, वहिनी. पहिल्यापासून नाही. आमच्या आई माळकरी होत्या.’’

तू पौर्णिमेला पांढरं पातळ नेसून विहारात जायचीस. वंदना पाठ होती तुझी, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, आणि कुणी मधेच चुकलं तर तू डोळे न उघडता आवाज चढवून त्याला रस्त्यावर आणायचीस. तुझ्या गळ्यात तुळशीची माळ कधी नव्हती, आणि ती असावी असं तुला कधी वाटलं नव्हतं. माळ घालणाऱ्यांबद्दल तू वाकडं बोलली नाहीस. पण ती तुझी नव्हती. मी एका वाक्यात तुझ्या चुलीवरचं भांडं उतरवलं आणि दुसऱ्या वाक्यात तुझा विहार. कशासाठी? वहिनींनी दुसरा घास घेतला होता.

मी वळलो तेव्हा तुझी नात चटणीची वाटी घेऊन दारात उभी होती. तिने मैत्रिणींना वाढलं, त्यांच्याबरोबर हसली, वहिनींना दोन टिक्क्या डब्यात बांधून दिल्या. सगळे गेल्यावर भांडी घासताना, नळ चालू ठेवून, पाठमोरी म्हणाली, ‘‘आजी माळकरी होती?’’

मी ताटं पुसत होतो. ‘‘बोलण्याच्या ओघात आलं गं.’’

‘‘मला कधी सांगितलं नाही तुम्ही.’’

‘‘अगं, शेजार आहे. त्यांना बरं वाटावं म्हणून...’’

‘‘त्यांना बरंच वाटत होतं, पप्पा. त्या खात होत्या.’’ तिने नळ बंद केला. ‘‘पुण्याच्या त्या खोलीवाल्या बाईंनी मला फोनवर विचारलं होतं, तुम्ही खाण्याचं काय करता म्हणून. मी खरं सांगितलं, खोली गेली. तुम्हीच तेव्हा म्हणालात, बरं केलंस, ताठ राहायचं. मग आता सांगून ठेवा. पुढच्या वेळी काय म्हणू? माळ घालते म्हणू?’’

तिच्या आवाजात रडू नव्हतं. तुझ्यासारखंच बोलली ती, माणसाच्या डोळ्यांत न बघता आणि नेमकं. ‘ताठ राहायचं’ हे शब्द माझेच होते. त्या बाई शेकडो किलोमीटर दूर, फोनच्या पलीकडे होत्या, म्हणून ते मला फार सोपे गेले होते.

रात्रभर मी स्वतःच्या बाजूने एक युक्तिवाद तयार करत होतो, तोही सांगून टाकतो. मी म्हणालो, मायही फसवायचीच की. डाळ असताना मटण म्हणायची. मी मटण खात असताना नाही म्हणालो. दोन्ही बाजू सारख्या. सकाळी दाढी करताना हा हिशेब आरशासमोर एकदा मोठ्याने म्हणून पाहिला आणि तिथेच मोडला. तू घरात नसलेली गोष्ट घरात आहे असं दाखवायचीस, दार उघडून, आणि वर वाटीभर रस्सा द्यायचीस. मी घरात असलेली गोष्ट नाही म्हणालो. आणि ती गोष्ट मटण नव्हती.

इथवर थांबलं असतं तर मी ते गिळलं असतं. अशा गोष्टी मी बऱ्याच गिळलेल्या आहेत. पण सोमवारी संध्याकाळी वहिनी औंढ्याहून परतल्या त्या थेट आमच्या दारात. हातात प्रसाद, आणि कागदाच्या पुडीत तुळशीची माळ. ‘‘तुमच्या आईच्या फोटोला आणली, भाऊजी. काल तुमी म्हणालात, अन् मला मंदिराबाहेरच्या दुकानात एकदम आठवण झाली. म्हटलं, माउलीच्या गळ्यात माळ पाह्यजे.’’ मी दोन्ही हात पुढे केले आणि ती घेतली. त्यांनी विचारलं, ‘‘फोटो कुठं हाय? दर्शन घेते.’’ तुझा फोटो आतल्या खोलीत आहे, माय. तोच, विहाराच्या पायरीवर काढलेला, पांढऱ्या पातळातला, मागे पंचशील ध्वजाची कड दिसते तो. मी म्हणालो, फोटो फ्रेम करायला टाकला आहे. एका खोट्याला दुसरं लागतं, आणि दुसरं किती पटकन हाताशी येतं याचं मला स्वतःलाच आश्चर्य वाटलं. ‘‘बरं बरं, आला की घाला,’’ म्हणून त्या गेल्या. त्यांचं काहीच चुकलेलं नाही. कुणाच्या मेलेल्या आईसाठी इतक्या लांबून आठवणीने काही आणणारी बाई, आणि तिच्यासमोर मी.

ही गोष्ट झाली त्याला आता पंधरवडा होत आला. तुझ्या नातीला खोली मिळाली. तिथेही तिने खरंच सांगितलं. ती मालकीण म्हणाली, भाडं वेळेवर दे, बाकी तुझं तू बघ. हे मला तिने जेवताना सांगितलं, भाकरीकडे बघत, आणि मी ‘बरं केलंस’ असं या खेपेला म्हणू शकलो नाही. उद्या ती निघणार. आज सकाळी म्हणाली, ‘‘टिक्क्या करून द्या ना बांधून. तिथं पोरींना खाऊ घालीन. मसाला पण द्या थोडा, आजीचा.’’ मी वड्या भिजवल्या, पिळल्या, डाळ वाटली. कांदा जाळावर धरला. माझा हात खिडकीकडे गेला, आणि पोरगी ओट्याला टेकून माझ्या हाताकडे बघत होती, माझ्याकडे नाही. मी खिडकी उघडली. पंखाही लावला. धूर बाहेर गेला आणि आपल्या मागे तो वास घेऊन गेला, कंपाउंडच्या भिंतीवरून, तारेवर वाळत घातलेल्या कपड्यांतून, पलीकडे.

थोड्या वेळाने पलीकडून वहिनींची हाक आली. ‘‘भाऊजी, आज परत बर्गर वाटतं! काय घालता हो त्यात? इकडं बसवेना झालंय!’’

माझ्या तोंडात संपूर्ण वाक्य तयार होतं: हा माझ्या मायच्या मटणाचा मसाला आहे, वहिनी, आणि ती माळकरी नव्हती. मी खिडकीपाशी गेलो. ‘‘मायचा मसाला आहे,’’ एवढं म्हणालो. ‘‘आणून देतो तुम्हाला.’’ तुझ्या नातीने कोथिंबीर चिरायला घेतली. ‘माय’ हा शब्द मी या घरातून मोठ्याने बाहेर टाकला हे तिने ऐकलं, आणि बाकीचं वाक्य आत राहिलं हेही तिने ऐकलं. दोन्हींची नोंद तिच्याकडे राहील.

तुला अक्षर येत नव्हतं. तुझ्या भावाची पत्रं आली की तू मला समोर बसवून वाचायला लावायचीस, आणि मी एखादी वाईट बातमीची ओळ गाळली की म्हणायचीस, ‘‘मधी काय खाल्लं रे?’’ तू असतीस तर हे पत्रही मलाच वाचून दाखवावं लागलं असतं. मला वाटतं म्हणूनच मी ते आता लिहिलं, तुझ्या हयातीनंतर इतक्या वर्षांनी. टाकायला पत्ता नाही याचं मला दुःख कमी आणि सोय जास्त आहे.

टिक्क्या डब्यात भरल्या आहेत. वहिनींसाठी वाटीभर मसाला काढून ठेवला आहे, अजून नेऊन दिलेला नाही. तुझा फोटो मघाशी समोरच्या खोलीत आणून लावला. खिळा आधीपासूनच होता. माळ माझ्या टेबलाच्या खणात आहे, माय, पुडीसकट. तुला घातलेली नाही. परतही दिलेली नाही.